उगमाचे ऋण
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



पन्नास वर्षांपूर्वी आपल्या संस्थेची स्थापना झाली, तेव्हा त्र्यंबकेश्वर हे लहान गाव होते. यात्रेकरू एस. टी. ने येत, धर्मशाळेत उतरत आणि आडाचे पाणी शेंदत. आज रस्ते रुंद झाले, हॉटेले उभी राहिली, शेकडो कुटुंबांना रोजगार मिळाला. या भरभराटीला मी दोष देत नाही. आपण व्यापार-उदीम करणारी माणसे आहोत. परंतु व्यापाऱ्याची वही जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंनी लिहिली जाते. या विकासाच्या वहीत आपण नावेची बाजू कोरीच ठेवली आहे.

ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी सुमारे 1465 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. मात्र जन्मगावातच तिच्या पात्रावर काँक्रीटचा स्लॅब पडला आणि सांडपाणी तिच्यात मिसळू लागले. पायाखाली नदी आहे, हे अनेक यात्रेकरूंच्या ध्यानीही येत नाही. हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत न्यावा लागला. पुढे नाशिकमध्येही 2003 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नदीचे पात्र काँक्रीटने बांधले गेले. गोदावरीच्या प्रदूषणाविरुद्ध 2012 मध्ये नागरिकांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. 2021 मध्ये तर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी सुपलीची मेट येथे सुरुंग लावून डोंगर फोडल्याचे उघडकीस आले आणि पर्यावरणप्रेमींना रस्त्यावर उतरावे लागले.

नाशिक जिल्ह्यातील अधिक पावसाच्या तालुक्यांत इगतपुरीबरोबर त्र्यंबकेश्वराची गणना होते. तरीही उन्हाळ्यात येथील वाड्यापाड्यांवर माता-भगिनी हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. असे का व्हावे? आपला डोंगर काळ्या कातळाचा आहे. हा कातळ फार पाणी धरून ठेवत नाही. वरचा मातीचा थर, झाडांची मुळे आणि खडकातील भेगा पावसाचे धावते पाणी थांबवितात, मुरवितात आणि झऱ्यांच्या रूपाने सावकाश परत देतात. उतार खोदला, झाडे तुटली, अंगणे फरसबंद झाली, की तेच पाणी आषाढात पूर होऊन निघून जाते आणि चैत्रात विहीर कोरडी पडते.

बंधुभगिनींनो, आपल्या घरात पाणी गाळण्याची परंपरा आहे. आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत परत सोडीत. पाण्याच्या जीवांना त्यांचे घर परत मिळावे, हा त्यामागील भाव होता. उगमाकडून घेतले, ते उगमाला परत करावे, हाच त्याचा व्यापक अर्थ मला वाटतो.

येथून जवळच असलेल्या अंजनेरीच्या बाराव्या शतकातील शिलालेखात चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिरास दुकाने दान दिल्याची नोंद आहे. बाजाराच्या उत्पन्नाचा वाटा मंदिराला मिळावा, अशी ती व्यवस्था होती. आज ज्या नदीमुळे आपला बाजार चालतो, तिचा वाटा कोण देणार?

उपदेश इतरांना करण्याआधी आपले अंगण पाहावे. आपल्या संकल्पित भक्तनिवासाच्या नकाशात संपूर्ण आवार फरसबंद दाखविले आहे. नकाशा मंजूर करणाऱ्यांत मीही होतो, हे मी येथे मान्य करतो. विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे की, हा नकाशा बदलावा. निम्मे आवार मातीचे ठेवून तेथे स्थानिक झाडे लावावीत, छपरावरील पावसाचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे आणि सांडपाण्याचा एक थेंबही प्रक्रियेविना नदीकडे जाऊ देऊ नये. मोटारींना जागा थोडी कमी पडेल आणि खर्चही थोडा वाढेल. देणगीदारांना ही गोष्ट समजावून सांगण्याची जबाबदारी मी घेतो.

2027 चा सिंहस्थ लाखो भाविकांना येथे आणणार आहे. त्यांना आपण काय दाखविणार आहोत, याचा विचार व्हावा. पन्नास वर्षांनी संस्थेच्या शतक महोत्सवात जे बोलतील, त्यांना आजच्या वहीत नावेची बाजूही प्रामाणिकपणे लिहिलेली आढळावी, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि संस्थेस शुभेच्छा देऊन आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.