डेबियन : सांभाळ करणाऱ्यांचे संघटन



कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली. या परिसरातील माणूस ही दोन साले अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यानंतरच्या एवढ्या दीर्घ काळात पुस्तकांना कसर लागू नये म्हणून लक्ष कोणी ठेवले, सुटलेली पाने कोणी शिवली, नोंदवह्या एका हातातून दुसऱ्या हातात कशा गेल्या, हे सहसा कोणी विचारीत नाही. आजचा विषय याच जातीच्या कामाचा आहे. क्षेत्र मात्र संगणकाचे आहे आणि काम करणारी माणसे जगभर विखुरलेली आहेत.

संगणक सुरू केल्यावर यंत्र आणि ते वापरणारा यांच्यात दुवा साधणारी जी मूळ व्यवस्था असते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही तशी एक प्रणाली. ती एका कंपनीच्या मालकीची आहे. लिनक्सच्या गाभ्याभोवती उभी राहिलेली डेबियन ही दुसरी, आणि तिला मालक नाही. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक या अमेरिकेतील विद्यार्थ्याने तिची घोषणा केली. त्याची तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः इयन, या दोन नावांचा संधी होऊन 'डेबियन' हे नाव झाले. (हा संधी पाणिनीच्या कोणत्याही सूत्रात बसणारा नाही, पण नाव टिकले.) मर्डॉक १९९६ सालीच नेतृत्वातून बाजूला झाला आणि २०१५ साली त्याचे निधन झाले. प्रकल्प मात्र चालू राहिला. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियनची तेरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातील पॅकेजांची संख्या ६९ हजारांच्या पुढे गेली होती.

हे नाव घरोघरी पोहोचलेले नाही, तरी तिचा वापर घरोघरी पोहोचला आहे. २००४ साली आलेली उबुंटू ही लोकप्रिय प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांचे लॅपटॉप २०१३ साली विंडोजवरून डेबियनवर नेण्यात आले. आपल्या सी-डॅक संस्थेने २००७ साली 'बॉस' या नावाने जी भारतीय प्रणाली दिली, तिचाही पाया डेबियनच आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ साली परकीय प्रणालीच्या जागी 'माया' आणण्याचे ठरविले. ती उबुंटूवर, म्हणजे एका पायरीने डेबियनवरच उभी आहे. ठाण्याहून ऐरोली, रबाळे, घणसोलीकडे जाणाऱ्या गाडीत सकाळी जे तरुण अभियंते उभे असतात, त्यांतील अनेकांचे दिवसभराचे काम लिनक्सच्या सर्व्हरवर चालते.

आता पॅकेज म्हणजे काय? एखादी आज्ञावली, तिच्या फायली कोणत्या जागी ठेवायच्या याच्या सूचना, तिला आणखी कोणकोणत्या आज्ञावली लागतात त्यांची यादी आणि तिच्या परवान्याचा कागद, असे सारे नीट बांधलेले गाठोडे म्हणजे पॅकेज. आज्ञावली लिहिणारा निराळा असतो आणि गाठोडे बांधणारा निराळा. या दुसऱ्याला मेंटेनर म्हणतात. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की ती डेबियनमधील इतर हजारो पॅकेजांशी जुळते का, हे मेंटेनर पाहतो. लोकांनी कळविलेल्या दोषांची नोंद क्रमांकासह सर्वांसमोर उघडी राहते. तिला उत्तर देण्याची अपेक्षा त्याच्याकडूनच असते. सुरक्षेचा दोष सापडला, तर त्यावरचा उपाय जुन्या आवृत्तीतही बसवावा लागतो, कारण ज्याने प्रणाली दोन वर्षांपूर्वी बसविली त्याला 'नवीन घ्या' असे सांगून चालत नाही. हे सारे रात्री, सुटीच्या दिवशी, नोकरी सांभाळून. काही जणांना त्यांच्या कंपन्या या कामासाठी वेळ देतात. बहुतेकांना कोणी काही देत नाही.

गाठोडे तयार झाले म्हणून ते लगेच लोकांच्या हाती जात नाही. प्रथम ते 'अस्थिर' विभागात जाते. तेथे काही दिवस गंभीर तक्रार आली नाही आणि त्याच्यावर अवलंबून असलेले दुसरे काही मोडले नाही, तर ते 'चाचणी' विभागात सरकते. सुमारे दोन वर्षांनी चाचणी विभाग गोठविला जातो, उरलेले दोष काढले जातात आणि मग 'स्थिर' आवृत्ती बाहेर पडते. आवृत्त्यांची नावे 'टॉय स्टोरी' या चित्रपटातील खेळण्यांवरून ठेवलेली असतात. अस्थिर विभागाचे नाव मात्र कायम 'सिड' आहे. सिड म्हणजे त्या चित्रपटातील, खेळणी मोडणारा शेजारचा व्रात्य मुलगा.

मराठी माणसाने थांबून पाहावे असे खरे प्रकरण पुढे आहे. मेंटेनरला वेळ मिळेनासा झाला तर काय? लग्न होते, मूल होते, नोकरी बदलते, प्रकृती बिघडते. डेबियनने यासाठी जे शब्द योजले आहेत ते थेट कुटुंबव्यवस्थेतून आलेले आहेत. ज्या पॅकेजला कोणी सांभाळणारा उरला नाही त्याला 'अनाथ' म्हणतात. मेंटेनरला जबाबदारी सोडायची असेल तर तो 'दत्तक देणे आहे' अशी जाहीर नोंद करतो; घेणारा 'दत्तक घेण्याचा मनोदय' नोंदवितो. सोडायचे नसेल, पण एकट्याला झेपत नसेल, तर 'मदत हवी' अशी निराळी नोंद आहे. एखादा मेंटेनर बराच काळ गप्प राहिला तर त्याची विचारपूस करणारा एक गट आहे. तो पत्र पाठवितो, वाट पाहतो, पुन्हा पाठवितो. उत्तर आले नाही तर त्या सदस्याची पॅकेजे अनाथांच्या यादीत जातात आणि दुसरा कोणी ती उचलतो. या सगळ्यात त्या माणसावर ठपका ठेवला जात नाही. आपल्याकडे संस्थेतून बाजूला होणे म्हणजे बहुधा रुसवा, नाही तर मृत्यू. काम सन्मानाने खाली ठेवण्याची सोय असलेल्या संस्था आपण फार थोड्या उभ्या केल्या आहेत.

१९९८ सालापासून प्रकल्पाला लिखित घटना आहे. कोणत्याही सदस्यावर कोणतेही काम लादता येणार नाही, असे तिच्यात आरंभीच म्हटले आहे. ज्याला एखादे काम करायचे नाही त्याने ते करू नये, मात्र संमत निर्णयांच्या विरोधात जाणीवपूर्वक कृती करू नये. सुमारे हजार सदस्य दरवर्षी पसंतीक्रमाने मतदान करून नेता निवडतात, आणि त्या नेत्याला आज्ञा देण्याचा अधिकार जवळजवळ नसतो. हे सारे सुरळीत चालते असे चित्र रंगविणे मात्र खोटे ठरेल. २०१४ साली संगणक सुरू होताना चालणाऱ्या एका मूलभूत आज्ञावलीवरून असा कडाक्याचा वाद झाला की, एक गट फुटून निघाला आणि त्याने 'देवुआन' नावाची वेगळी चूल मांडली. मंडळे फुटण्याचा अनुभव असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

एकट्या माणसावर भार पडला की काय होते, याची दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. २००६ साली डेबियनमधील ओपन-एसएसएल या गुप्तलेखनाच्या पॅकेजातून, तपासणीच्या एका साधनाने संशयास्पद ठरविलेल्या दोन ओळी मेंटेनरने काढून टाकल्या. त्या ओळींवरच किल्लीची अनिश्चितता अवलंबून होती. दोष उघडकीस आला मे २००८ मध्ये. तोपर्यंत जगभर अशा किल्ल्या बनत होत्या, ज्यांचे एका प्रकारात आणि एका लांबीत जेमतेम ३२ हजार ७६८ पर्याय संभवत होते. सामान्य संगणकालाही तेवढे पर्याय तपासून पाहणे सहज शक्य होते. डेबियनने दोष स्वतः जाहीर केला, दुबळ्या किल्ल्या ओळखण्याचे साधन दिले आणि साऱ्या जगाला किल्ल्या बदलायला सांगितले. अडचणी लपविणार नाही, असे वचन त्याच्या १९९७ च्या 'सामाजिक करारा'त होते. त्या वचनाची ही परीक्षाच होती.

दुसरे उदाहरण २०२४ चे. एक्सझेड नावाची माहिती दाबून लहान करणारी छोटी आज्ञावली कितीतरी प्रणालींच्या पोटात बसलेली आहे. ती अनेक वर्षे एकच माणूस विनामोबदला सांभाळत होता आणि आपण थकलो आहोत, हे त्याने उघडपणे लिहिले होते. 'जिया टॅन' असे नाव धारण केलेली कोणी व्यक्ती मदतीला आली, दोनेक वर्षे उत्तम काम करून विश्वास संपादन केला आणि मग आज्ञावलीत चोरवाट बसविली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या अस्थिर विभागावर काम करताना प्रवेशाला अर्धा सेकंद उशीर होतो आहे, असे जाणवले. अर्ध्या सेकंदाचा छडा लावता लावता त्याच्या हाती चोरवाट लागली आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने ती जाहीर केली. दूषित आवृत्ती अस्थिर आणि चाचणी या विभागांपर्यंत पोहोचली होती. स्थिर आवृत्तीत ती गेली नव्हती. त्या थकलेल्या माणसाला वेळीच दोन खरे साथीदार मिळाले असते, तर परक्याला घरात शिरणे इतके सोपे गेले नसते. आता महत्त्वाची पॅकेजे एकट्याकडे न ठेवता गटाकडे ठेवण्याकडे कल आहे, आणि तो शहाणपणाचाच आहे.

या साऱ्यात मराठीचे स्थान कोठे आहे? २००० च्या सुमारास मुंबईत 'इंडलिनक्स' नावाने भारतीय भाषांसाठी काम सुरू झाले. पण अडचण अक्षरांपासूनच होती. डेबियन बसविताना जो काळा पडदा दिसे, त्यावर देवनागरीची जोडाक्षरे उमटतच नसत. २००७ च्या आवृत्तीत चित्ररूप पडदा आला, तेव्हा वाट मोकळी झाली. १४ फेब्रुवारी २००९ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'लेनी' आवृत्तीत प्रणाली बसविण्याच्या भाषांची संख्या ६३ झाली, आणि त्या वेळी नव्याने आलेल्या पाच भाषांत मराठी होती. हा भार उचलला होता मुंबईच्या सी-डॅकमधील 'जनभारती' उपक्रमाने. जगभरच्या भाषांतरकारांची मोट बांधण्याचे काम तेव्हा ख्रिस्तियान पेरिए हा फ्रेंच गृहस्थ करीत असे.

अक्षरवळणांचीही अशीच कथा आहे. 'लोहित' हे टंक रेड हॅट कंपनीने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून करवून घेतले आणि २००४ साली मुक्त केले. पण मराठीची स्वतःची काही मागणी असते. मराठीतला 'ल' आणि 'श' हिंदीहून वेगळ्या वळणाचा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातील खोल जागा; हा फरक दाखविणारा पापणीसारखा अर्धा 'र' संगणकाला शिकवावा लागतो. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्यानंतर टंकात ते काढणे, कळफलकावर आणणे आणि त्या टंकाचे नवे पॅकेज बांधणे, ही प्रत्येक पायरी कोणाला तरी चढावी लागते.

आणि एकदा केले म्हणजे झाले, असे येथे नसते. दर आवृत्तीत इंग्रजी वाक्ये बदलतात, नवी भरतात. भाषांतर मागे पडले की पडद्यावर अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी असे धेडगुजरी दिसू लागते. फारच मागे पडले तर ती भाषा यादीतून काढण्याची पद्धत आहे. काही कोटी लोकांची भाषा आहे, एवढ्यावर सवलत मिळत नाही. भारतीय स्वयंसेवकांकडे हे काम होत नाही, असे म्हणता येणार नाही. गिटलॅबसारखी अवाढव्य आज्ञावली डेबियनमध्ये आणण्यासाठी तिच्या पोटातील असंख्य लहान पॅकेजे बांधण्यात भारतीयांचा पुढाकार होता, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची वार्षिक जागतिक परिषद कोचीला, म्हणजे भारतात पहिल्यांदा भरली. केरळने हे कमावले, कारण तेथे शाळांपासून मुक्त प्रणाली रुजविण्यात आली. महाराष्ट्रात अभियंते कमी नाहीत. संध्याकाळचा एक तास या कामासाठी काढणारे कमी आहेत.

डोंबिवलीतील एखाद्या घरात मुलगा किंवा मुलगी संगणकशास्त्र शिकत असेल आणि आई-वडील मराठीचे शिक्षक असतील, तर त्या घरात हे काम विभागून होऊ शकते. 'पासवर्ड'ला 'परवलीचा शब्द' म्हणावे की 'पासवर्ड'च ठेवावे, 'फाईल'ला 'संचिका' केल्याने कोणाला कळेल का, हा निर्णय चांगले मराठी जाणणाऱ्याचा आहे. त्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. पॅकेज बांधू इच्छिणाऱ्या मुलाने मात्र अनाथांच्या यादीतील एखादे लहानसे गाठोडे निवडावे. आरंभी एखादा जुना सदस्य त्याचे काम तपासून स्वतःच्या स्वाक्षरीने पुढे पाठवितो. पुढे स्वतःचा अधिकार हवा असेल, तर त्याच्या सांकेतिक किल्लीवर सदस्यांची स्वाक्षरी लागते. ती घेण्यासाठी प्रथेप्रमाणे प्रत्यक्ष भेटून, सरकारी ओळखपत्र दाखवून, तोंडओळख पटवावी लागते. इतक्या दूरदूरच्या माणसांचे हे जाळे अशा समोरासमोरच्या भेटींवर विणलेले आहे. त्यासाठी कधी मुंबई, कधी पुणे गाठावे लागेल. रोज लोकलने प्रवास करणाऱ्या कल्याण-डोंबिवलीकराला ते अंतर फारसे नाही.