कर्णनाद आणि बरे होण्याचा अर्थ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपला आहे आणि भोजनास अवकाश आहे. अशा वेळी आजाराविषयी बोलणारा वक्ता कोणास आवडणार? तथापि चिटणिसांच्या आग्रहास मान देऊन मी कर्णनादाविषयी चार शब्द बोलणार आहे. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक आहे. परंतु गेली सात वर्षे हा नाद माझ्या दोन्ही कानांत अखंड चालू आहे, एवढाच माझा अधिकार.

बाहेर कसलाही आवाज नसता कानात शिट्टी, रातकिड्यांची किरकिर किंवा समुद्राची गाज ऐकू येणे, याचे नाव कर्णनाद. ही व्याधी नवी नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे जे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत हिची गणना आहे. बोहेमियाचा संगीतकार स्मेताना १८७४ साली बहिरा झाला. १८७६ साली रचलेल्या आपल्या वाद्यचतुष्टयाच्या अखेरीस त्याने कानातील तो तीक्ष्ण स्वर व्हायोलिनवर घातला आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीच्या अंदाजाप्रमाणे जगातील प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांस हा नाद होतो. सुमारे २ टक्के लोकांस त्याचा तीव्र त्रास होतो. म्हणजे या सभागृहातही माझे सोबती आहेत. ते बोलत नाहीत, इतकेच.

हा नाद येतो कोठून? आपल्या अंतर्कर्णात शंखासारख्या नळीत सूक्ष्म केसपेशी असतात. वार्धक्य, दीर्घकाळचा गोंगाट व काही औषधे यांमुळे त्या नष्ट होतात आणि मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. मेंदूस मिळणारी वार्ता अशी तुटपुंजी झाली, की तो आपली ग्रहणशक्ती वाढवितो, असे शास्त्रज्ञ मानतात. रेडिओवर स्टेशन नीट लागेना म्हणजे आपण आवाज वाढवितो आणि मग खरखरच मोठी ऐकू येते. तसाच हा प्रकार.

येथे एक नवलाची गोष्ट सांगतो. १९५३ साली अमेरिकेत हेलर व बर्गमन यांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० माणसांस निःशब्द खोलीत बसविले. त्यांपैकी सुमारे ९४ टक्के लोकांस काही ना काही नाद ऐकू आला! तेव्हा नाद असणे हीच सर्वस्वी व्याधी नव्हे. मेंदूने त्यास संकट समजून त्यावर अहोरात्र पहारा ठेवणे, ही खरी व्याधी. १९९० साली यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञाने हा विचार सविस्तर मांडला. रेल्वेच्या रुळांलगत राहणारा मनुष्य गाडीच्या धडधडीत स्वस्थ झोपतो. त्याच्याकडे आलेला पाहुणा मात्र रात्रभर कूस बदलीत राहतो. गाडी दोघांसही तीच.

बरे होणे म्हणजे त्या पाहुण्याने घरचा माणूस होणे. गाडी बंद पडणे नव्हे.

मला प्रथम भेटलेल्या डॉक्टरांनी "सवय करून घ्या" असे सांगून दोन मिनिटांत वाटेस लावले. वाक्य खोटे नव्हते. पण सवय कशी करावयाची, हे सांगावयाचे राहिले. "गणित शीक" एवढेच सांगून आम्ही मुलास घरी धाडले असते, तर पालकांनी आम्हांस काय म्हटले असते? पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी माझी श्रवणचाचणी केली. उंच स्वर मला कमी ऐकू येतात असे आढळले आणि श्रवणयंत्र आले. बाहेरचे आवाज कानी येऊ लागताच आतला मागे सरला. रात्री मी खोली अगदी निःशब्द ठेवीत नाही; पंखा चालू असतो. विचार व वर्तन यांस वळण लावणाऱ्या मानसोपचाराचाही उपयोग होतो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली त्याची शिफारस केली. जिन्को व तत्सम पूरक गोळ्या मात्र देऊ नयेत, असेही तिने सांगितले. हा नाद हमखास थांबविणारे औषध अद्याप नाही. तेव्हा तशा जाहिरातींस भुलू नये.

परंतु सवयीच्या नावाखाली दुर्लक्षही नको. एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तेथे दिवस मोलाचे असतात. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा सोबत घेरी येत असेल, तरीही तपासणी अवश्य करावी.

आता घरच्या मंडळींस एक विनंती. "आवाज थांबला का?" असे रोज विचारू नका. त्या प्रश्नासरशी विसरलेला माणूस पुन्हा कान देऊन ऐकू लागतो. "झोप लागली का? आज फिरावयास गेलात का?" असे विचारा. "मनाचे खेळ आहेत" असे तर कधीच म्हणू नका. आपले कित्येक वडीलधारे समारंभास येईनासे झाले आहेत. तो सर्वच त्यांचा विक्षिप्तपणा नव्हे.

आणि मंडळासही एक सूचना. आपल्या घरच्या वरातीत लहान मुले भल्याथोरल्या कर्ण्यांपुढे नाचतात. त्यांच्या केसपेशी एकदा गेल्या की परत येणार नाहीत. येत्या लग्नसराईपासून कर्णे माफक ठेवण्याचा ठराव आपण करावा. माझा नाद माझ्याबरोबर राहील आणि त्याचे मला फारसे ओझे नाही. पुढील पिढीस मात्र तो वारसा म्हणून देण्याचे कारण नाही.