हवा दिसत नाही

कवीनं रेडिओवर बोलायचं तर कवितेवर बोलायचं, असा रिवाज आहे. आज तो मोडायची परवानगी घेतो. मी डिझेलच्या पंपाविषयी बोलणार आहे. रस्त्याकडेला आपण इंधन भरतो तो पंप नव्हे. इंजिनाच्या कुशीला बसलेला आणि इंजिनाला थेंब-थेंब मोजून डिझेल पाजणारा तो पंप. माझ्या घरची चूल तीस-पस्तीस वर्षं त्यावर चालली. आणि एकदा त्याच पंपापायी मी माझ्या घरात एक मोठं नुकसान करून ठेवलं. ते सांगायचं राहून गेलं होतं.

अब्बा कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंप-नोझलचे मिस्त्री होते. शेतावरच्या ऑइल इंजिनांपासून एसटीतून निवृत्त झालेल्या ट्रकांपर्यंत सगळ्यांचे पंप त्यांच्या बाकावर यायचे. घरातला मी पहिला बी.ए. पदवी मराठीची. बँकेत कारकून झालो, कविता लिहू लागलो. धाकटा भाऊ मात्र अब्बांच्या शेजारी बाकावर बसला आणि तिथलाच झाला. माझ्या शर्टाला कधी डिझेलचा वास आला नाही, याचा मला तरुणपणी अभिमान वाटायचा. आता वाटत नाही.

पंपाची गोष्ट थोडक्यात सांगतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी, आणि नेमक्या क्षणी तिच्यात डिझेलची फवार सोडायची. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन अभियंत्याचं इंजिन १८९७ साली नीट चालून दाखवलं गेलं, पण त्यात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागायची आणि त्या हवेसाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर. असं धूड गाडीवर चढणार कसं? १९२७ मध्ये जर्मनीतल्या बॉश कंपनीनं मोठ्या संख्येनं छोटे पंप बनवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे डिझेल रस्त्यावर आलं. आपल्याकडे १९५१ साली बंगळुरात मायको सुरू झाली. पुढे तिचे नोझल आपल्या नाशकात बनू लागले. कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, पण जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून ‘मायकोचा पंप’च आहे.

त्या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर असतो, म्हणजे बोटाएवढा पोलादी दांडा. तो ज्या नळीत वर-खाली होतो, तिच्यात आणि त्याच्यात फट असते दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. एका नळीचा दांडा दुसऱ्या नळीत घालून चालत नाही. जोडी जुळलेली ती जुळलेली. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा डिझेल फवारलं जातं. त्या जुन्या नोझलचं तोंड उघडायला लागणारा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या शंभरपट. अब्बा हाताच्या दांडीनं नोझल तपासायचे, तेव्हा आम्हा पोरांना समोर उभं राहू द्यायचे नाहीत. ती फवार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत हात सडतो. फवार धुक्यासारखी पडली आणि नोझल कुरकुरलं, की ते चांगलं. थेंब गळाला की बाद. अब्बा डोळ्यांपेक्षा कानानं जास्त तपासायचे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. साल २०१३. माझ्या पुतण्यानं, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलानं, कर्ज काढून जुनी पिकअप घेतली होती. टर्बो असलेली, पण पंप जुन्या पद्धतीचा. रत्नागिरीहून रात्री मासळी भरायची आणि पहाटेच्या आत कोल्हापुरात उतरवायची. अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आत, पण मध्ये आंबा घाट. कोकणातून वर येताना गाडी भरलेली आणि चढ उभा. साखरपा सोडलं की गाडीचा कस लागतो. बर्फाची आणि मासळीची खोकी मागे, आणि घड्याळ पुढे. बाजाराला अर्धा तास उशीर झाला तरी दर पडतो.

गणपती उठले, मासळीची मागणी वाढली आणि नेमकी गाडी चढाला दमायला लागली. पुतण्या दुकानात आला. “दादा, गाडी वढत न्हाई. पंपाचं डिझेल वाढवून द्या.”

अब्बा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. बाकावर कमी बसायचे, पण शब्द त्यांचाच चालायचा. त्यांनी विचारलं, “शिट्टी वाढली आहे का?”

“टर्बोची शिट्टी तर असतीच की.”

“असते. वाढली आहे का, ते विचारतोय. गाडी एक दिवस ठेव. आधी हवेचं बघू, मग डिझेलचं.”

एक दिवस! मोसमात एक दिवस गाडी उभी ठेवणं म्हणजे काय, ते हप्ता भरणाऱ्यालाच कळतं. पोरगा रागावून निघाला आणि माझ्याकडे बँकेत आला. “चाचा, दादांचं वय झालं. पलीकडे एक जण तासाभरात करून देतोय. सहा हजार लागतील. अब्बाला सांगू नका.”

मी सहा हजार दिले. अब्बांना विचारलं नाही, भावाला सांगितलं नाही. माझा हिशेब सरळ होता. गाडीला ताकद हवी, ताकद डिझेलातून येते; मग डिझेल वाढवलं की झालं. बी.ए. झालेल्या माणसाला एवढं कळत नाही का?

काम तासाभरातच झालं. पंपाचं जास्तीत जास्त डिझेल किती, हे ठरवणारा एक स्क्रू असतो; त्यावर सील असतं. ते तोडून स्क्रू फिरवला. टर्बोचा दाब आला नसला तरी पंपानं हात आखडू नये, अशीही सोय करून दिली. पंधरा दिवस गाडी खरंच वर चढली. मागे काळ्या धुराचा लोट, पण पोरगा खूश. मला फोन करून म्हणाला, “चाचा, घाट सपाट झाला.” हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं. कवीची खोड.

सोळाव्या की सतराव्या रात्री घाटाच्या मध्यावर गाडी थांबली. एका सिलिंडरच्या पिस्टनला माथ्यावर भोक पडलं होतं. रात्रभर पोरगा वळणावर दगड लावून बसला. दुसरी गाडी मिळेपर्यंत ऊन चढलं आणि बर्फाचं पाणी रस्त्यावर वाहिलं. मासळी गेली, इंजिन गेलं, वर व्यापाऱ्याचं देणं झालं. गाडीच्या पुढ्यात त्या रात्री एखादा ट्रक असता तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही.

गाडी ओढून दुकानात आणली. अब्बांनी कुणाला एक शब्द विचारला नाही. बॉनेट उघडायला लावलं आणि टर्बोकडून इंजिनाकडे येणाऱ्या जाड रबरी नळीवरून बोट फिरवलं. खालच्या अंगाला, क्लिपच्या शेजारी, नळी बोटभर चिरली होती. दुखणं एवढंच होतं.

ते कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. टर्बो म्हणजे एका दांड्यावरची दोन पंख्यांची जोडी. बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात भरतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं त्याचं पेटंट १९०५ साली घेतलं. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्यातून इंजिनाला दुप्पट ताकद येईल, असं आपल्याला वाटतं. खरं तर टर्बो ताकद देत नाही, जागा देतो. जास्त हवा आली म्हणून जास्त डिझेल जाळता येतं. एक लिटर डिझेल पुरतं जळायला सुमारे १०,००० लिटर हवा लागते, आणि धूर नको असेल तर त्याहून जास्त. एवढी खोलीभर हवा एका बाटलीभर डिझेलमागे!

म्हणून अशा पंपावर एक राखणदार बसवलेला असतो. एक लहानशी डबी, आत रबरी पडदा. हवेचा दाब आला की पडदा सरकतो आणि पंपाला सांगतो, आता डिझेल वाढव. दाब आला नाही की तो डिझेल वाढू देत नाही. नळी चिरली होती म्हणून हवा बाहेर पळत होती. शिट्टी वाढली होती ती त्याचीच. हवा कमी म्हणून राखणदारानं डिझेल रोखलं होतं, आणि म्हणून गाडी दमत होती. गाडीचा तो अशक्तपणा म्हणजे इंजिन वाचवण्याची धडपड होती. आम्ही राखणदाराचेच हात बांधले आणि कमी हवेत जास्त डिझेल ओतलं. ते वेळेत जळेना. उशिरापर्यंत जळत राहिलं, आतली उष्णता वाढत गेली. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, मिश्रधातू त्याच्याही आधी मऊ पडतो. सपाटीवर दोन मिनिटं असं चाललं तर निभावतं. घाटात सलग अर्धा तास पाय खाली दाबून ठेवला की निभावत नाही.

अब्बा पुतण्याकडे पाहून एवढंच म्हणाले, “डिझेल दिसतं, हवा दिसत नाही. म्हणून माणूस डिझेल वाढवतो.” मग माझ्याकडे वळले. पैसे कुणाचे, हे त्यांनी ओळखलं होतं. “तू शिकलेला आहेस. एकदा विचारायचं होतंस.”

श्रोतेहो, त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

पुढचे वीस दिवस अब्बा पुन्हा बाकावर बसले. इंजिनाचा खर्च भावानं आणि मी निम्मा-निम्मा वाटून घेतला. गाडीला खरंच थोडी जास्त ताकद हवी होती, हे अब्बांनी मान्य केलं. पण त्यांची वाट वेगळी होती. आधी टाकी उतरवून तळाचा गाळ आणि पाणी काढलं. मग जाळी, फिल्टर, फीड पंप. म्हणजे टाकीतून डिझेल पुढे सरकवणारी सगळी वाट मोकळी. वाटेत कुठे हवा आत ओढली जात नाही ना, ते पाहिलं. डिझेलच्या नळीत हवा ही दुश्मन आणि इंजिनाच्या तोंडाशी हवा ही दोस्त, असं ते म्हणायचे. त्यानंतर टर्बोच्या नव्या नळ्या, हवेचा फिल्टर, दाबलेली हवा थंड करणारा कूलर साफ. मग चारही नोझल एका दाबावर. सगळ्यात शेवटी पंप टेस्ट बेंचवर चढवला. चार काचेच्या नळ्यांत ठरावीक फटक्यांचं डिझेल जमा करायचं आणि चारांची पातळी एक करायची. एका सिलिंडरला जास्त आणि दुसऱ्याला कमी मिळालं, तर जास्तवालाच आधी मरतो. डिझेल वाढवलं ते किंचित, धूर दिसणार नाही इतपत. आणि सील परत लावलं.

एवढं करून अब्बांनी ब्रेक बघायला लावले, क्लच बघायला लावला आणि पुतण्याला बजावलं, “जास्त चढणारी गाडी उतरताना थांबायला पण पाहिजे. खोकी दहानं कमी भर.” तो भरू लागला. किती दिवस, ते मी सांगत नाही; त्याचाही धंदा आहे.

आता काळ बदलला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्याच विकायच्या, असा नियम आला. नव्या गाड्यांत स्क्रू नाही, पडदा नाही. कॉमन रेल नावाच्या एका नळीत १६०० बार आणि त्याहून जास्त दाबानं डिझेल तयार ठेवलेलं असतं आणि संगणक हवा मोजून ते सोडतो. भावाच्या दुकानात आता टेस्ट बेंचशेजारी लॅपटॉप आहे. पण तरुण पोरं येऊन विचारतात ते तेच: “मॅप टाकून पॉवर वाढवून द्या की.” राखणदार आता पडद्याऐवजी चिपमध्ये बसला आहे, आणि त्याचे हात बांधायला लोक अजून पैसे मोजतात. नोंदणीच्या कागदाशी न जुळणारा बदल गाडीत करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची आडकाठी आहे. वॉरंटी आणि विम्याचं दुखणं वेगळंच. भाऊ त्यांना एकच प्रश्न विचारतो: “शिट्टी वाढली आहे का?”

अब्बा २०१७ साली गेले. माझ्या कवितेवर त्यांनी आयुष्यात एकदाच मत दिलं होतं. कॉलेजात असताना मी त्यांना एक लांबलचक कविता वाचून दाखवली होती. अवघड संस्कृत शब्द, मध्ये फारसीची पखरण. त्यांनी नोझल पुसत पुसत ती पुरती ऐकली आणि म्हणाले, “धूर फार आहे.” मी तेव्हा दुखावलो होतो. घाटातली ती रात्र झाल्यावर मला त्याचा अर्थ लागला. तेव्हापासून ओळ लिहून झाली की तिच्यात हवा किती आहे ते आधी बघतो.

पुतण्याची ती पिकअप अजून आहे. आंबा घाट चढताना तिच्यामागे गेलात, तर धूर दिसणार नाही. आणि ‘घाट सपाट झाला’ हे वाक्य वहीत अजून तसंच पडून आहे. त्याची कविता मी केली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)