नारळाचा मान

जिल्हा परिषदेच्या शाळेत नवं वर्ष खरं तर ३ जानेवारीला सुरू होतं. १८३१ साली याच दिवशी नायगावला सावित्रीबाई फुले जन्मल्या. मुली लुगडी नेसून येतात, भाषणं होतात, गुरुजनांचा गौरव होतो.

माझ्या निवृत्तीआधीच्या वर्षी गावानं मला शाल-नारळ दिला. उत्तरादाखल मी मुलांना रणजितसिंह डिसले गुरुजींची गोष्ट सांगितली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या या शिक्षकांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलर्सपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

चौथीतली एक पोर उभी राहिली. "गुरुजी, मग खिचडीवाल्या मावशींना काय?"

मी गप्पच झालो. किती वर्षं त्या पोरांना रांधून वाढत होत्या. मुख्याध्यापक असूनही सत्काराच्या यादीत त्यांचं नाव घालायचं मला कधी सुचलं नव्हतं. मी नारळ घेऊन चुलीपाशी गेलो. मावशींनी पदराला हात पुसले, नारळ कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पोराच्या ताटात खिचडीवर ओलं खोबरं होतं.