पेपर कुणाचा, इतिहास कुणाचा?

(धामणकर नाका, भिवंडी इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी प्राध्यापक नाही. दहावी पास. गोदीत कंत्राटावर माल उचलतो, रात्री कविता लिहितो. 'अमेरिकेतल्या पत्रकारितेवरची पुस्तकं' या विषयावर बोल म्हणाले, तेव्हा आधी हसू आलं. इथं लूमच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, अमेरिकेचं कोण ऐकणार? पण फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली, डिक्शनरी मांडीवर ठेवून वाचलेली ही पुस्तकं मला फिरवून माझ्याच घरात घेऊन आली. कशी, ते सांगतो.

अमेरिकेत पेपर होते, पण गोऱ्यांचे. त्यात काळा माणूस यायचा तो विकायला काढलेला, नाहीतर पळून गेला म्हणून इनाम लावलेला. १६ मार्च १८२७ ला न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म या दोन काळ्या माणसांनी 'फ्रीडम्स जर्नल' काढलं. आमची वकिली तुम्ही पुष्कळ केलीत, आता आमचं आम्ही बोलू, असा त्यांचा पवित्रा.

ओळखीचं वाटतंय ना? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पुढं त्याच अमेरिकेत शिकून आलेल्या बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. आणि 'केसरी'नं? पैसे देऊनसुद्धा जाहिरात छापली नाही. हे बाबासाहेबांनीच पुढं लिहून ठेवलंय. बातमी सोडा, आपली जाहिरातही त्यांना बाटवत होती!

आता आयडा वेल्स. ही बाई मेम्फिस शहरात पेपर चालवायची. १८९२ साली तिथं काळ्यांच्या एका किराणा दुकानाशी संबंधित तिघांना जमावानं तुरुंगातून ओढून काढलं आणि गोळ्या घातल्या. त्या तिघांतला एक तिचा मित्र. मुळात खुपत होतं ते दुकान. आयडानं लिहिलं. जमावानं तिचं छापखान्याचं सामान फोडलं. बाहेरगावी होती म्हणून वाचली. मग तिनं काय केलं? रडगाणं नाही गायलं. १८९५ साली 'अ रेड रेकॉर्ड' काढलं. त्यात झुंडीनं मारलेल्या माणसांची नावं, गावं, तारखा, लावलेले आरोप. आणि आकडे कुठले? गोऱ्यांच्याच पेपरातले. म्हणजे खोटं म्हणायची सोय नाही. राग कुणालाही येतो, भावांनो. तिनं रागाचा हिशेब ठेवला.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्याची. १९०५ साली शिकागोत रॉबर्ट अॅबट यांनी 'शिकागो डिफेंडर' काढला. भांडवल २५ सेंट, पहिल्या प्रती ३००. दक्षिणेत हा पेपर हातात सापडला तर जिवावर बेतायचं. मग तिकडं नेला कुणी? रेल्वेत गोऱ्या उतारूंचे बिछाने घालणाऱ्या, सामान उचलणाऱ्या काळ्या पोर्टरांनी. गठ्ठे लपवून नेले. न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. लाखो माणसं दक्षिण सोडून उत्तरेला निघाली, त्यात या पेपरचा मोठा हात. मी हमाल आहे. हे वाचलं तेव्हा पाठीवरची गोण हलकी वाटली. संपादक लिहितो, पण पेपर चालतो तो वाहणाऱ्याच्या पायावर.

त्या पेपरवर २०१६ साली ईथन मायकेली यांचं जाडजूड पुस्तक आलं. कशाच्या जोरावर? जुने अंक कुणीतरी जपले होते. आपल्याकडं वसंत मून यांनी 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' जमवले, संपादित केले, म्हणून १९९० साली ते सरकारी खंडात छापून आले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून बायकांच्या दारोदार फिरल्या, म्हणून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' झालं.

आणि माझ्या घरात? आज्याची एक पत्र्याची पेटी होती. आजा गोदीतच होता. अक्षरओळख बेताची, पण 'प्रबुद्ध भारत'चे अंक सुतळीनं बांधून ठेवलेले. कुणी हात लावला तर चिडायचा. २६ जुलै २००५ ला झोपडीत कमरेएवढं पाणी आलं. टीव्ही माळ्यावर चढवला, गाद्या चढवल्या. पेटी खालीच राहिली. तिसऱ्या दिवशी उघडली तर लगदा. त्यात शत्रूचा हात नव्हता, मित्रांनो. आमचाच होता. काय उचलायचं ते आम्हाला कळलं नाही.

आता भिवंडीचं बोलू. बाहेरच्या पेपरांना भिवंडी दोनच वेळा माहीत, १९७० ची दंगल आणि १९८४ ची दंगल. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मोहल्ला कमिट्यांत हिंदू-मुसलमान रात्ररात्र जागले. त्या जागणाऱ्यांची नावं कुठं आहेत? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली, मोठ्या पेपरांना जाग यायला आठवडे लागले. जाग आणली ती रस्त्यावर उतरलेल्या आपल्या पोरांनी. त्यांच्या हातातली पत्रकं कुणी ठेवलीत?

म्हणून माझं मागणं साधं आहे. घरातल्या पेट्या, माळे उघडा. अंक, पत्रकं, सभेची हँडबिलं, जलशाच्या वह्या, काय असेल ते आणा. मोबाइलवर फोटो काढा, पण कागदही टाकू नका. आणि एक वही घाला. वस्तीत, लूमवर, गोडाऊनमध्ये जे घडेल ते तारीख, जागा, नाव घालून लिहा. ऐकीव वेगळं, पाहिलेलं वेगळं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगावं, दुसऱ्यानं उतरवावं. भाषा शुद्ध नसली तरी चालेल, तारीख चुकता कामा नये.

आज्याची पेटी गंजलीय, पण झाकण लागतं. पुढच्या रविवारी ती घेऊन मी इथंच नाक्यावर येतो. रिकामी आणणार आहे. रिकामी परत नेणार नाही.

जय भीम.