दहा पिनांचा खेळ

‘बोलिंग’ हा शब्द कानी पडताच आपणा मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे क्रिकेटचे मैदान उभे राहते. मी आज ज्या बोलिंगविषयी चार शब्द बोलणार आहे, त्यात मैदान नाही, ऊन नाही आणि समोर फलंदाजही नाही. छपराखाली, गुळगुळीत लाकडी पट्टीवरून एक जड गोळा घरंगळत सोडायचा आणि दूरवर त्रिकोणात मांडलेल्या दहा पिना पाडायच्या, एवढाच हा खेळ. लहानपणी लगोरी खेळलेल्या श्रोत्यांना यातील आनंद निराळा समजावून सांगावयास नको.

माझी आणि या खेळाची गाठ साठी उलटल्यावर पडली. नातवाचा वाढदिवस होता आणि मुलांची सारी सेना एका बोलिंगच्या दालनात जमली होती. मी शिरस्त्याप्रमाणे बाकावर पिशव्या आणि पादत्राणे राखीत बसलो होतो. इतक्यात नातू येऊन म्हणाला, “आजोबा, तुम्ही पण या ना!” मी नको नको म्हणत उठलो. माझा पहिला गोळा पट्टीच्या कडेच्या पन्हळीत गेला. मुले हसली. मी परत बाकाकडे वळलो, तेव्हा तो म्हणाला, “अहो, अजून एक आहे तुमचा!” त्या दुसऱ्या गोळ्याने सहा पिना पाडल्या. आज जे सांगावयाचे आहे, ते या दुसऱ्या गोळ्याविषयीच.

तत्पूर्वी खेळाची थोडी ओळख करून घेऊ. नऊ पिनांचा जुना खेळ जर्मन लोकांनी अमेरिकेत नेला. तेथे दहा पिनांचा खेळ रूढ झाला आणि १८९५ साली न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या अमेरिकन बोलिंग काँग्रेसने त्याचे नियम एकसारखे केले. पूर्वी पडलेल्या पिना मुले हातांनी उभ्या करीत. १९५० नंतरच्या दशकात हे काम यंत्रांकडे गेले आणि खेळाचा प्रसार वेगाने झाला. आता हैदराबादसारख्या आपल्या मोठ्या शहरांतूनही अशी दालने आढळतात.

ज्या रेषेवरून गोळा सोडावयाचा, तेथून पहिली पिन ६० फुटांवर असते. पट्टीची रुंदी सुमारे साडेतीन फूट आणि पिनेची उंची १५ इंच. गोळ्याचे वजन अधिकांत अधिक १६ पौंड असू शकते, म्हणजे पुरुषांच्या गोळाफेकीतील गोळ्याएवढे! नवशिक्याने त्या वाटेस जाऊ नये. ८ ते १२ पौंडांपैकी, हात सहज खालीवर झुलेल असा गोळा निवडावा. त्याला तीन भोके असतात. त्यांत अंगठा, मधले बोट व अनामिका घालावयाची. अंगठा अडकता कामा नये आणि निसटताही कामा नये. बूट दालनातच भाड्याने मिळतात. त्यांचा तळवा गुळगुळीत असल्यामुळे शेवटचे पाऊल हलके घसरते व गुडघ्यास हिसका बसत नाही.

गोळा फेकावयाचा नसतो, सोडावयाचा असतो. घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हात मागे जाऊन पुढे यावा आणि पट्टीजवळ वाकून गोळा अलगद निसटू द्यावा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे शेवटचे पाऊल डावे असावे. रेषा ओलांडली तर त्या गोळ्याने पाडलेल्या पिना धरीत नाहीत. आणखी एक गुपित सांगतो. दृष्टी दूरच्या पिनांवर ठेवू नये. रेषेपुढे सुमारे १५ फुटांवर पट्टीतच बाणांच्या खुणा असतात, त्यांपैकी एक धरून तिच्यावरून गोळा न्यावा. जवळची खूण साधली, की लांबचे लक्ष्य पुष्कळदा आपोआप साधते.

आता गुणांचा हिशेब. एका डावात दहा फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत दोन गोळे. पहिल्याच गोळ्यात दहाही पिना पडल्या तर ती ‘स्ट्राइक’. तिला दहा गुण आणि पुढील दोन गोळ्यांचे गुण अधिक मिळतात. दोन गोळ्यांत मिळून दहा पडल्या तर ‘स्पेअर’. त्यास दहा आणि पुढील एका गोळ्याचे गुण. लागोपाठ बारा स्ट्राइक झाल्या तर ३०० हा पूर्णांक होतो. ती सिद्धी थोरांची. आपण साधे गणित करू. समजा, एका खेळाडूने दहाही फेऱ्यांत पहिल्या गोळ्याने नऊ पिना पाडल्या आणि उरलेली एक दर वेळी हुकविली. त्याचे गुण ९०. दुसऱ्याने तितक्याच पाडल्या, परंतु उरलेली एक दर वेळी टिपली आणि अखेरीस मिळणाऱ्या जादा गोळ्यातही नऊ पाडल्या. त्याचे गुण १९०! स्ट्राइक दोघांच्याही नशिबी नव्हती. शंभर गुणांचे अंतर पडले ते केवळ उरलेल्या एका पिनेमुळे.

म्हणून नवशिक्याने स्ट्राइकमागे धावू नये. उरलेली पिन टिपावयास शिकावे. उजव्या कोपऱ्यातील पिन राहिली असेल तर डावीकडे सरकून तिरपा गोळा सोडावा; डावीकडील राहिली तर उलट करावे. या एका युक्तीने माझे गुण हळूहळू वाढले.

श्रोतेहो, नोकरी लागली, संसार सुरू झाला, की आपल्यापैकी अनेकजण खेळ सोडतात आणि पाहणाऱ्यांच्या बाकावर कायमचे जाऊन बसतात. त्यामागे वयापेक्षा लोक हसतील ही भीतीच अधिक असते. हा खेळ त्या भीतीवर मोठा सुलभ उतारा आहे. येथे आजोबा आणि नातू एकाच पट्टीवर खेळू शकतात, कारण कोणी कोणास बाद करीत नाही. पहिला गोळा चुकला तरी दुसरा हाती असतो. पाठीचे अथवा मनगटाचे दुखणे असणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. इतरांनी मात्र पुढच्या खेपेस पिशव्या बाकावरच ठेवाव्या आणि बूट मागून घ्यावेत. पहिला गोळा बहुधा पन्हळीतच जाईल. मुले हसतील, हसू द्यावे आणि दुसरा उचलावा.