कागदाच्या पैशाची पत
(वार्षिक समारंभातील भाषण)



नाशिकरोडचा नोटांचा छापखाना आपण सर्वांनी बाहेरून पाहिला आहे. १९२८ पासून तेथे नोटा छापल्या जाऊ लागल्या आणि १९३२ पर्यंत हिंदुस्थानच्या सर्व किमतींच्या नोटा तेथेच निघू लागल्या. या सोयीचे महत्त्व दुसऱ्या महायुद्धात कळले.

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि आपल्याकडे लोकांचा धीर सुटला. नोटा मोडून चांदीचे रुपये घरात दडवण्याची धांदल उडाली. बाजारात मोड मिळेना. गरजेबाहेर नाणी साठवणे सरकारने गुन्हा ठरविला, तरी पेटीतला रुपया बाहेर येईना. तेव्हा त्याच वर्षी एक रुपयाची नोट काढून तिला नाण्याचाच दर्जा देण्यात आला. मार्च १९४३ मध्ये दोन रुपयांची नोट आली. तांबे वाचावे म्हणून भोकाचा पैसाही त्याच वर्षी निघाला.

संस्थानांतही हीच अडचण होती. बुंदी, बिकानेर, जुनागढ, मोरवी येथील दरबारांनी पैसा, आणा अशा किमतींची पुठ्ठ्याची छोटी कूपने छापली. पुठ्ठ्याला स्वतःची किंमत ती काय? पण ते परत घेणारा दरबार गावातच होता, म्हणून त्यावर मीठमिरची मिळत होती.

आता दुसरे उदाहरण पाहा. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तेथे रुपये व सेंटच्या आपल्या नोटा चालू केल्या. लोकांना त्या घ्याव्याच लागल्या. लष्कराला पैसा लागला की नोटा छापायच्या, असा प्रकार; त्यामुळे महागाई भडकली. १९४५ मध्ये जपानी सत्ता गेली, इंग्रज परतले आणि त्या नोटा त्यांनी मानल्या नाहीत. ज्याने धान्य विकून, घाम गाळून त्या जमविल्या होत्या, त्याच्या हाती रद्दी उरली. छापणारा निघून गेला. नुकसान मात्र गरिबाचे झाले.

मित्रहो, कागद दोन्हीकडे होता, शाई दोन्हीकडे होती. फरक होता तो कागदामागे उभे राहणाऱ्याचा.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच की, आज घरी गेल्यावर दहाची नोट हातात घ्या आणि तिच्यावरचे वचन वाचा. देणारा कोण, देणार काय आणि सही कोणाची, हे पाहा. एक रुपयाची जुनी नोट घरात असेल तर तीही पाहा. तिच्यावर असे वचन नाही, कारण कायद्याने ती स्वतःच नाणे आहे.

आणि पालकहो, कर्जाचा, जागेचा, नोकरीचा कोणताही कागद पुढे आला तर हेच तीन प्रश्न विचारा. अंगठा उठविण्यापूर्वी तो कागद आपल्या शिकत्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या. त्यांच्या शिक्षणाचा पहिला उपयोग आपल्याच उंबरठ्यावर होऊ द्या.